या, बसा… पिक्चर सुरू होतोय!

फिल्म फेस्टिव्हल म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गळ्यात लटकणारं डेलिगेट कार्ड, कापडी पिशवी, जाडजूड कॅटलॉग, दोन शोंच्या मध्ये उभ्या उभ्या मारलेलं कटिंग आणि 'ती इराणची फिल्म बघितलीस का?' असं विचारणारा एक तरी दाढीवाला! मला हे सगळं जाम आवडतं. डहाणूहून मुंबईत नोकरीला आले, तेव्हा पहिल्या पगारातून मी एका फेस्टिव्हलचं कार्ड काढलं होतं. आई म्हणाली, "टीव्हीवर फुकट लागतात की पिक्चर!"

गेली काही वर्षं मी व्हॉलंटिअर म्हणूनही जाते. ऑफिसात दोन-तीन दिवस सुट्टी टाकायची आणि वेलकम डेस्कवर बसायचं. काम सोपं. हसायचं, नाव विचारायचं, यादीत टिक करायची, कार्ड हातात द्यायचं. नेक्स्ट!

एका वर्षी त्या डेस्कवर माझा शाळेतला मित्र येणार होता. तलासरीजवळच्या पाड्यावर राहणारा, वारली, वापीच्या एका कंपनीत शिफ्ट करणारा. आदिवासींच्या जमिनीवरची एक डॉक्युमेंटरी होती, म्हणून मीच त्याला बोलावलं होतं. आता तलासरीला रेल्वे नाही. त्यामुळे आधी शेअर जीप, मग डहाणू लोकल. २०१३ पासून ही लोकल सुरू झाली म्हणून बरं, तरी चर्चगेटपर्यंत तीन तासांच्या आसपास जातातच. एवढं करून बिचारा गेटवर पोचला, तर सिक्युरिटीवाल्यानं सांगितलं, "केटरिंगवाले मागच्या गेटनं."

मी धावत जाऊन त्याला आत आणलं. फिल्म छान होती. नंतरची प्रश्नोत्तरं सगळी इंग्रजीत झाली. जाताना तो चिडला वगैरे नव्हता. एवढंच म्हणाला, "फिल्म आवडली गं. पण आमच्यावरची फिल्म बघायला आम्हीच एवढ्या लांब यायचं होय?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नाही. कारण बघा ना, वारली माणूस आपल्याला रोज दिसतो. कॉफीच्या मगवर, कुर्त्यावर, ऑफिसच्या रिसेप्शनमागच्या भिंतीवर. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या भिंतीवरची ही चित्रकला कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्याआधी ही चित्रं मुख्यतः बायका काढायच्या, लग्नघराच्या भिंतीवर, देवचौकात. म्हणजे चित्रात, फोटोत, डॉक्युमेंटरीत वारली माणूस आहेच. फक्त समोरच्या खुर्चीत तो फारसा नसतो.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "अरे, पण तिकडे अशा फिल्म्स बघायला येणार कोण?" डहाणूत वाढलेल्या कुणालाही याचं हसू येईल. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा हायवेवर चारोटीपासून माणसांचा पूर असतो. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा असला की सोंगं बघायला गाव रात्रभर जागतं. तारपा वाजायला लागला की पास विचारायला कुणी उभं नसतं. रांगेतल्या शेवटच्या माणसाचा हात धरायचा, झालात तुम्ही सामील! आणि तलासरीजवळच्या झरी गावात मे १९४५ मध्ये हजारो वारली जमले होते. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीनं वेठबिगार आणि लग्नगडी पद्धत मोडायचं तिथे ठरलं. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून नवरा-बायकोनं सावकाराच्या घरी राबत राहायचं, ती लग्नगडी. मोबाइल नाही, गाड्या नाहीत, तरी माणसं चालत आली. बोलावणं आपल्यासाठी आहे हे कळलं की येतात माणसं.

स्वतंत्र फिल्मवाल्यांना हे ठाऊक नाही असंही नाही. २००४ ची गोष्ट घ्या. मुंबईत १९९० पासून डॉक्युमेंटरी, शॉर्ट आणि अॅनिमेशन फिल्म्सचा सरकारी महोत्सव भरतो, तो 'मिफ'. त्या वर्षी भारतीय फिल्म्सना सेन्सॉर सर्टिफिकेटची अट घातली गेली. दिग्दर्शक एकत्र आले, भांडले, अट मागे घेतली गेली. पण नंतर निवड जाहीर झाली तेव्हा टोकदार विषयांवरच्या बऱ्याच फिल्म्स यादीत नव्हत्याच. मग या मंडळींनी काय केलं? प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात आपला वेगळा महोत्सव भरवला. नाव 'विकल्प'.

आणि २०१२ चा जानेवारी. आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' आली. १९९७ च्या रमाबाई नगरमधल्या गोळीबारापासून सुरू होणारी, १४ वर्षं खपून केलेली फिल्म. तिचा खेळ भायखळ्याच्या बीआयटी चाळीत उघड्यावर झाला. म्हणजे ज्यांची गोष्ट, त्यांच्या अंगणात पडदा. आपल्या टूरिंग टॉकीजनी वर्षानुवर्षं दुसरं काय केलं? जत्रा जिथे, तिथे तंबू. त्या तंबूंवरची 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' ही डॉक्युमेंटरी २०१६ मध्ये थेट कानला पोचली, तिथे तिचं कौतुकही झालं. तंबू मात्र एव्हाना मोजकेच उरलेत.

तर आमच्या चार-पाच जणांच्या ग्रुपनं ठरवलं, मित्राच्या पाड्यावर एक स्क्रीनिंग करायचं. एक फिल्म, एक संध्याकाळ, बस्स. ग्रुपमधला एक जण म्हणाला, "ख्रिसमसच्या सुट्टीत करू या, लाँग वीकेंड मिळेल!" मित्र फोनवर खो खो हसला. "तेव्हा निम्मा पाडा वीटभट्टीवर असेल रे. कुणाला दाखवणार, कोंबड्यांना?"

तेव्हा आम्हाला तिथलं कॅलेंडर कळलं. पावसात सगळे शेतात, शिवाय उघड्यावर पडदा लावणं शक्यच नाही. भात कापून झोडून झालं, दिवाळी झाली की बरीच कुटुंबं निघतात. कुणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, कुणी मच्छीमार बोटींवर, कुणी गुजरातेत. परततात ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे आपल्या शहरातला फेस्टिव्हल सीझन ऐन रंगात असतो, तेव्हा हा प्रेक्षक घरीच नसतो! त्यामुळे तारीख मित्रानं ठरवली, दिवाळीनंतरचा पहिला शनिवार. वेळ रात्री साडेआठ, कारण वापीची फर्स्ट शिफ्ट सुटून, घरी येऊन, जेवून माणसं मोकळी होतात तेव्हा.

बाकी तयारीही त्याच्याच डोक्यानं झाली. आम्ही पोस्टर डिझाइन करत होतो. तो म्हणाला, पोस्टर राहू दे, आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगू. सबटायटल्स इंग्रजीत होते, ते वाचणार कोण? मग त्याची बहीण माइक घेऊन बसली आणि मध्ये मध्ये वारलीत सांगत गेली. खुर्च्या मागवल्या तर पुढाऱ्यांची सभा वाटेल, म्हणून ताडपत्री अंथरली. आणि बायका नेहमी मागे, कडेला उभ्या राहतात म्हणून पुढची अर्धी ताडपत्री त्यांच्यासाठी ठेवली. यातली एकही गोष्ट मला वेलकम डेस्कवर कुणी शिकवली नव्हती.

फिल्म होती वीटभट्टीवरच्या मुलांवरची, जेमतेम अर्ध्या तासाची. तरुण दिग्दर्शिका स्वतः आली होती. या फिल्मला मुंबईत टाळ्या मिळाल्या होत्या. इथे संपल्यावर आधी शांतताच. मग पुढच्या ओळीतली एक आजी काहीतरी बोलली आणि सगळे हसले. मित्राच्या बहिणीनं आम्हाला सांगितलं, "आजी म्हणतेय, भट्टीवर पोरं एवढी हसत नाहीत. तुम्ही पाहुणे आलात, कॅमेरा आणलात, म्हणून हसली."

मग एक काका उठले. म्हणाले, यात विटा दिसतात, उचल दिसत नाही. सीझनच्या आधी मालकाकडून पैसे उचलायचे. सणाला, आजारपणाला, लग्नाला. मग भट्टीवर हजार विटांमागे मजुरी ठरणार, आठवड्याला खर्चापुरती खावटी मिळणार, शेवटी हिशेब होणार. हिशेबात उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. "ते दाखवा, मग कळेल पोरं शाळेत का नाहीत."

मला एकदम झरी आठवलं. लग्नासाठीचं कर्ज आणि ते फेडायला राबणं. लग्नगडी मोडून इतकी वर्षं झाली, आणि ताडपत्रीवर बसून एक माणूस कर्ज आणि मजुरी यांची तीच गाठ पुन्हा समजावून सांगत होता.

दिग्दर्शिका वहीत लिहून घेत होती. चर्चा फिल्मपेक्षा लांबली. शेवटी आजीनं तिला विचारलं, "त्यातली ती लहान पोर, ती आता कुठे आहे?" मुंबईतल्या प्रश्नोत्तरांत कॅमेरा कोणता वापरला, फंडिंग कुठून मिळालं, असं सगळं विचारून झालं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. दिग्दर्शिका म्हणाली, "माहीत नाही. शोधते." त्यानंतर दोन महिन्यांनी तिचा मला फोन आला, भट्टीवरूनच. मुलगी सापडली होती.

म्हणून म्हणते, फेस्टिव्हल कितीही छोटा असो, स्वागत म्हणजे नुसतं 'वेलकम' लिहिलेला बॅनर नव्हे. तारीख कुणाच्या सोयीची, वेळ कुणाच्या शिफ्टची, माइकवर भाषा कुणाची आणि गेटवर कुणाला अडवलं जातं, यावरूनच ठरतं प्रेक्षक कोण ते. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर १० जणांमागे ९ जण आदिवासी आहेत. त्यांच्यावर फिल्म करायला जाणाऱ्यानं निदान एक शो तिथे लावायला काय हरकत आहे?

तुम्ही कधी वेलकम डेस्कवर बसलात तर सुट्टी झाल्यावर एकदा गेटवर चक्कर मारा, तिथे काय सांगितलं जातंय ते ऐका. आणि आमच्याकडे स्क्रीनिंगला यायचं ठरवलंत तर मुक्कामाच्या तयारीनं या. एक चादर आणि स्वेटर ठेवा, दिवाळीनंतर रात्री गार असतं. शेवटच्या लोकलकडे डोळे लावून बसलात, तर आजीचा प्रश्न हुकेल!