नववा महिना : हालचाल किती, विसावा किती

घरात लेकीचा वा सुनेचा नववा महिना सुरू झाला की थोरल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : ‘आम्ही कळा सुरू होईपर्यंत काम करीत होतो, म्हणून सुखरूप सुटलो.’ वाचकहो, आपणही ते ऐकले असेल, कदाचित उच्चारलेही असेल. या वाक्यात अर्धे सत्य आहे. ते कोणते, हे पाहिले म्हणजे गर्भवतीची काळजी घेणे सोपे होते.

मी सून म्हणून लालबागच्या चाळीत आले, तेव्हा आजेसासूबाई त्यांच्या पिढीच्या गोष्टी सांगत. गिरणीच्या रीलिंग खात्यात बायका दिवस भरत आले तरी उभ्याने काम करीत. प्रसूती सोपी व्हावी, हा त्यामागचा हेतू नव्हता. खाडा झाला की पगार बुडे. अशाच कामगार स्त्रियांसाठी १९२६ मध्ये परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, प्रसूतीपूर्वी मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली. पुढच्याच वर्षी कायदा झाला. आपल्या गिरणगावात विसावा असा प्रयत्नाने मिळवावा लागला आहे. घरातील गर्भवतीला तो नाकारू नये.

आता सत्याची बाजू. हालचाल खरोखरच हितकारक असते. या दिवसांत शरीर स्वतःच तयारी करीत असते : कटीचे सांधे सैल होतात, गर्भाशयाचे मुख मऊ होऊ लागते, पहिलटकरणीच्या बाळाचे डोके बहुधा शेवटच्या आठवड्यांत खाली सरकते. मग श्वास मोकळा होतो, पण लघवीला वारंवार जावे लागते. अशा वेळी सकाळ-संध्याकाळ सपाट रस्त्यावर रमतगमत चालणे, मांडी घालून बसणे, तळपाय जुळवून गुडघे अलगद खाली नेणे आणि दीर्घ श्वास सावकाश सोडण्याचा सराव करणे पुरेसे आहे. बोलताना धाप लागेल इतके चालू नये. पाण्याने भरलेला हंडा उचलणे किंवा वाकून पिंप सरकवणे हा मात्र व्यायाम नव्हे.

एकीला मानवते ते दुसरीला मानवेलच असे नाही. वार खाली असलेल्या किंवा गर्भाशयमुखाला टाका घातलेल्या स्त्रीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करू नये. हा टाका आपल्या मुंबईच्याच डॉ. वि. ना. शिरोडकरांच्या नावाने जगभर ओळखला जातो. तसेच ‘वाट मोकळी व्हावी’ म्हणून एरंडेल पाजण्याची प्रथा सोडून द्यावी. त्याने जुलाब होतात, अंगातील पाणी कमी होते आणि कळा अवेळी व अनावर येऊ शकतात.

काळजीवाहूंसाठी खरे काम लहानसहान गोष्टींत असते. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला होते. सुनेच्या नवव्या महिन्यात आम्ही गॅलरीतला दिवा रात्रभर चालू ठेवला, तिच्या पायांत न घसरणारी चप्पल दिली आणि रात्री तिच्यासोबत कोणीतरी जाईल असे ठरवले. जिना उतरताना एक हात कठड्यावर असे. झोपताना ती कुशीवर वळे आणि गुडघ्यांत उशी घेई. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर उताणे झोपू नये, असा सल्ला तिला मिळाला होता.

एके संध्याकाळी तिचे डोके खूप दुखू लागले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘उष्णता वाढली आहे, सब्जा द्या.’ त्या मनापासून बोलत होत्या. परंतु तपासणीच्या वेळी सांगितलेली लक्षणे आमच्या ध्यानात होती. आम्ही तडक टॅक्सी केली. रक्तदाब फार वाढलेला निघाला. दोन दिवसांनी नात झाली; मायलेकी सुखरूप राहिल्या. सब्जाचे पाणी पाजून सकाळची वाट पाहिली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

म्हणून ही लक्षणे घरातील प्रत्येकाला पाठ असावीत : तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, चेहऱ्यावर वा हातांवर अचानक सूज, पोटाच्या वरच्या भागात वेदना, रक्तस्राव, पाणी जाणे. यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो वा पहाट, रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. कळांचेही तसेच. विसाव्याने थांबतात त्या बहुधा खोट्या. ठरावीक अंतराने येऊन वाढत जातात त्या खऱ्या. मात्र दिवस भरण्याआधीच अशा कळा सुरू झाल्या तर थांबू नये.

तपासणीची फाइल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि थोडे रोख पैसे एका पिशवीत घालून ती दाराजवळ ठेवावी. सोबत कोण जाणार, हेही आधीच ठरलेले असावे. आणि रोज संध्याकाळी तिला जवळ बसवून एवढे अवश्य विचारावे : ‘आज बाळ नेहमीसारखे हलले का?’ शेवटी जागा अपुरी पडते म्हणून बाळ कमी हलते, ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘नाही’ असे आले, तर दिवेलागणी आटोपण्याचीही वाट पाहू नये, निघावे.