वाळू निवडणं

मी काय काम करते हे नातेवाईकांना समजावणं म्हणजे एक कार्यक्रमच असतो. "समुद्रातली वाळू निवडते" म्हटलं की मावशी म्हणते, "अगं, मग तांदूळ निवडायचा तेवढा कंटाळा का?" आता काय बोलणार!

पण काम खरंच निवडण्याचं आहे. समुद्रतळाचा चिखल बारीक चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, काळ्या ट्रेमध्ये पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. ही कवचं फोरॅमिनिफेरांची. जीव एकाच पेशीचा, बहुतेक वेळा मिलिमीटरहूनही लहान, पण घर असं बांधतो की बघत राहावं!

पहिला प्रश्न, भिंत कशाची? काहींची वाळूचे कण चिकटवून केलेली. काहींची चिनीमातीसारखी पांढरी, गुळगुळीत. काहींची काचेसारखी, बारीक छिद्रांची. मग खोल्या बघायच्या. एका ओळीत, की चकलीसारख्या वेढ्यात? आणि शेवटच्या खोलीचं दार कुठे?

गंमत म्हणजे १८२६ साली आल्सिद दॉर्बिन्यी यांनी खोल्यांच्या मांडणीवरून यांचे गट पाडले, तेव्हा त्यांना हे माकुलाचे आणि नॉटिलसचे चिमुकले भाऊबंद वाटले होते. १८३५ साली फेलिक्स दुजार्दाँ यांनी जिवंत जीव पाहून सांगितलं, आत तसलं काही नाही, नुसतं जीवद्रव्य आहे.

मग डीएनए आला. वाळूची भिंत बांधणारे सगळे एका कुळातले नाहीत असं कळलं. १९९९ मध्ये तर रेटिक्युलोमिक्सा हा गोड्या पाण्यातला, कवचच नसलेला जीव याच घराण्यातला निघाला! आमच्यातला एक तरुण सहकारी म्हणाला, "ताई, मग आता डोळ्यांनी ओळखायचं कशाला?" लागलं मनाला. इतकी वर्षं मान वाकवून बसलेय की हो मी!

नंतर शांतपणे विचार केला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या थरांत डीएनए कुठला उरायला? उरलंय ते कवच. तेव्हाचा समुद्र उथळ होता की खोल, गरम की थंड, हे त्यालाच विचारावं लागतं. मात्र सारखं घर म्हणजे सारखं कूळ नव्हे, हे डीएनएने शिकवलं. म्हणून हल्ली वहीत नुसतं नाव लिहून थांबत नाही. भिंत, खोल्या, दार, सगळं वेगवेगळं लिहिते. उद्या नाव बदललं तरी पाहिलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मान मात्र दुखते. असो.