कान्हेरीच्या दारातील जोडपी

मुंबईच्या उपनगरात वसंत ऋतू केव्हा लागला हे पंचांग पाहून कळत नाही. आमच्या घाटकोपरच्या वस्तीत तो ७ फेब्रुवारीला माता रमाईची जयंती साजरी झाली की हळूच येतो. पहाटेचा गारवा जातो. नळाला पाणी येण्याची आणि कोकीळ ओरडण्याची वेळ एकच असल्याने कोकिळेचे कौतुक करायला कोणाला सवड नसते, हंडे-कळशा भरायच्या असतात. पत्र्यावर जुनी साडी अंथरून कुरडया वाळत पडतात. मुलांच्या परीक्षा तोंडावर येतात. १४ एप्रिलच्या आधी घराला रंग काढायचा की नाही, आणि काढायचा तर पैसे कोठून, यावर नवरा-बायकोची बैठक बसते. माझ्यासारख्या कारकुनाचा वसंत तर ‘मार्च एंडिंग’च्या फायलींतच जातो.

पण या दिवसांत घरात जी गोडी असते ती वर्षभरात दुसऱ्या कोणत्या महिन्यात नसते, असे माझे मत आहे. संध्याकाळी ऑफिसातून यावे तर मुलांच्या आईने गव्हाचा चीक शिजवताना एका वाटीत माझा वाटा झाकून ठेवलेला असतो. त्यात दूध-साखर घालून तो उभ्या उभ्याच खायचा. मग पत्र्यावर चढून वाळवण गोळा करायचे. मी वर, ती खाली परात धरून, आणि मधल्या शिडीवर धाकटा मुलगा कच्च्या कुरडया तोंडात टाकत. दहा बाय बाराच्या खोलीत चौघे राहतात, त्या घरात नवरा-बायकोला दोन शब्द निवांत बोलायला मिळतात ते अशा शिडीच्या वेळेलाच.

आपल्या समाजात काम करणाऱ्या माणसांचे रविवार घरात जात नाहीत. बैठक असते, विहाराच्या वर्गणीचे पावती पुस्तक घेऊन फिरायचे असते, कोणाच्या मयताला नाही तर साखरपुड्याला जायचे असते. हे सर्व केलेच पाहिजे. परंतु वर्षातला एक रविवार कुटुंबासाठी राखून ठेवावा आणि तो फाल्गुनातला असावा, असे मी कार्यकर्त्यांना आवर्जून सांगतो. कुठे जायचे हा प्रश्न पडला तर बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरी आहे.

पूर्वी घाटकोपरहून बोरिवली म्हणजे आधी दादर, तिथे पूल चढून गाडी बदलणे, आणि पोरांचा हात सुटेल म्हणून जिवाला घोर. २०१४ साली घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि २०२३ साली अंधेरीच्या गुंदवलीहून दहिसरकडे जाणारी दुसरी मेट्रो तिला जोडली गेली. आता पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या स्थानकावर उतरायचे, पुलावरून गुंदवलीला जायचे, आणि ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाच्याच स्थानकावर खाली यायचे. (मुलुंडकरांनी नकाशा पाहावा. त्यांच्या घरामागचा डोंगर आणि बोरिवलीचा डोंगर हे एकाच जंगलाचे दोन काठ आहेत.) वाटेत ‘मागाठाणे’ हे स्थानक लागते. ते नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

उद्यानाच्या दारापासून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. फाल्गुनात या रस्त्यावर सागाची पाने गळून पडलेली असतात, त्यामुळे दूरवरची झाडे दिसतात. पळस पेटलेला असतो, काटेसावरीला एक पान नसते आणि फांदीफांदीवर लाल फुले असतात. कुसुंबाची कोवळी पालवी तर अशी तांबडी, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती फुलेच वाटावीत. आमच्या मुलांची आई साड्यांना फॉल-बिडिंग करून देते. तिने बसच्या खिडकीतून एकेका झाडाला रंगाचे नाव दिले. हा राणी, हा शेंदरी, हा मिरची. धागा जुळवता जुळवता रंग ओळखायची डोळ्यांना सवय झालेली.

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. काळ्या बेसॉल्टच्या डोंगरात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास हे काम सुरू झाले आणि पुढे कित्येक शतके ते चालू राहिले. बहुतेक लोक थेट तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या चैत्यगृहात शिरतात, ओसरीतल्या दोन्ही टोकांच्या भव्य उभ्या बुद्धमूर्तींसमोर हात जोडतात आणि फोटो काढतात. आपण मात्र आत जाण्याआधी दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीकडे पाहावे. तिथे जोडपी कोरलेली आहेत. चांगली उंचीपुरी, अंगाने भरलेली, नवरा आणि बायको. पुरुषांच्या डोक्याला मुंडासे, बायकांच्या पायांत जाडजूड वाळे, कमरेला मेखला. हे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, व्यापारी भावांनी कोरून घेतले असे तिथल्या लेखावरून समजते. ही जोडपी म्हणजे ते दातेच, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ती मंगल म्हणून कोरलेली दांपत्ये आहेत. काही असो, चैत्याच्या दारात राजा उभा नाही, भिक्षू उभा नाही. संसारी माणसे उभी आहेत, जोडीने.

मुलांची आई तिथे बराच वेळ थांबली. म्हणाली, “अहो, वाळे बघा किती जड. एवढं घालून ही डोंगर चढली कशी?” मग थोड्या वेळाने, “पण नवऱ्याच्या मागे नाही हो उभी. बाजूला आहे.”

मला दीघ निकायातले सिगालोवाद सुत्त आठवले. राजगृहाच्या एका गृहस्थाच्या मुलाला, सिगालाला, भगवंतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा मान राखावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिला दागिने घ्यावेत. पत्नीचीही पाच कर्तव्ये तिथेच आहेत, पण आपल्याकडच्या प्रवचनांत तेवढीच जास्त ऐकायला मिळतात. मी पाचही तिला भिंतीसमोर मोजून दाखवली. तिने विचारले, “चौथं परत सांगा.” मोठी मुलगी हसू लागली. पाचव्याबद्दल तिने काही विचारले नाही, वाळ्यांकडे फक्त एकदा पाहिले.

कान्हेरीत ब्राह्मी लिपीतले कितीतरी लेख आहेत आणि बी. कॉम. झालेल्या माणसाला ते वाचून मोठा आनंद होतो, कारण त्यांत निम्मा हिशेब आहे. कल्याण, सोपारा, नाशिक अशा ठिकाणच्या लोकांनी दाने दिली. व्यापारी आहेत, कल्याणचे सोनार आणि लोहारही आहेत. स्त्रियांची स्वतःच्या नावाची दाने आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी, म्हणजे टाके. पुष्कळ ठिकाणी दान देणारा एकटा नसतो. बायको, मुलगे, मुली, सुना अशा सगळ्या कुटुंबासह दान दिल्याचे लिहिलेले असते. शिवाय ‘अखयनिवि’ असते. मूळ रक्कम किंवा शेत कायमचे ठेवायचे, त्याला हात लावायचा नाही, आणि येणाऱ्या व्याजातून अथवा उत्पन्नातून भिक्षूंच्या चिवराचा व इतर गरजांचा खर्च भागवायचा. आपण बँकेत मुदत ठेव ठेवतो तसेच. अशाच एका दानातले शेत ‘मंगलठाण’ नावाच्या गावात होते. ते मंगलठाण म्हणजे मघाशी मेट्रोतून मागे टाकलेले मागाठाणे. तिथेही जुनी बौद्ध लेणी आहेत आणि ती आज घरांनी वेढलेली आहेत.

मी हे सांगत असताना मुलांच्या आईने पाण्याचे टाके वाकून पाहिले. फाल्गुनातही त्यात पाणी होते. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचे टाके, खडकात कोरलेल्या पन्हळी, पावसाचा थेंब वाया जाऊ नये अशी योजना. मूर्तींपेक्षाही तिला हे जास्त आवडले. “दोन हजार वर्षांपूर्वी दारात पाणी,” ती म्हणाली. पहाटे चारला उठणारी बाई पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघते.

अकरा क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला दरबार म्हणतात, दगडाचे दोन लांब ओटे आहेत. तिथे पूर्वी सभा बसे किंवा पंगत, असे म्हणतात. आम्ही जेवलो मात्र बाहेर, झाडाच्या सावलीत. डब्यात भाकरी, सुकी बटाट्याची भाजी, लसणाची चटणी आणि त्याच आठवड्यात तळलेल्या कुरडया. तिने चटणीचा घास करून माझ्या हातावर ठेवला. बस्तीत चार लोकांच्या देखत असे कधी होत नाही. मुले माकडांकडे बघत होती म्हणून बरे.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सोमवारी उद्यान बंद असते. पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून न्याव्यात, टाक्यातले पाणी पिऊ नये. डबा उघडण्यापूर्वी माकडे किती अंतरावर आहेत ते पाहावे, कुरडयांचा वास त्यांना लांबून येतो. वरच्या लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्या दगडातच कोरलेल्या आहेत, म्हणून भगिनींनी उंच टाचांच्या चपला घालू नयेत. आणि अंधेरीच्या मंडळींना इतक्या लांब येणे जमत नसेल, तर त्यांच्या हाकेच्या अंतरावर कोंडिवट्याची, म्हणजे महाकालीची, लेणी आहेत. तिथेही पाण्याची टाकी आहेत.