यंत्राचा जीर्णोद्धार

रोग कोणताहि असो, जुने वैद्य आधीं लंघन सांगत. त्याच धर्तीवर संगणकाच्या हरएक दुखण्यावर हल्लीं 'एकदां फॉरमॅट मारून घ्या' हा उपाय सांगण्यांत येतो. यंत्र मंद झालें, फॉरमॅट मारा. मध्येंच बंद पडलें, फॉरमॅट मारा. प्रिंटर रुसला, तरीहि तेंच. डिस्कवरील यच्चयावत् मजकूर पुसून टाकावयाचा आणि कार्यप्रणाली मुळापासून नव्यानें बसवावयाची, एवढा मोठा अर्थ या दोन शब्दांत आहे. परंतु ते उच्चारणाराच्या जिभेस त्याचें ओझें होत नाहीं, कारण पुसला जाणारा मजकूर त्याचा नसतो.

आमच्या अभ्यासिकेंतील संगणक २०१५ सालचा. विंडोज १० ही कार्यप्रणाली आणि चार चार गिगाबाइटच्या रॅमच्या दोन पट्ट्या, असा त्याचा बेताचा संसार. गेल्या पावसाळ्यापासून त्यास एक विलक्षण खोड जडली. विद्यार्थ्यांचे गुण भरीत असतां, किंवा नुसतें एखादें पृष्ठ वाचीत असतां, पडदा एकाएकीं निळा होई, त्यावर कसलासा इंग्रजी मजकूर झळके आणि यंत्र आपण होऊन पुन्हां सुरू होई. हा मजकूर आम्ही उतरून घेऊं लागलों. एकदां 'मेमरी मॅनेजमेंट', दुसऱ्या खेपेस 'पेज फॉल्ट', तिसऱ्या खेपेस आणखी कांहीं तिसरेंच. दुरुस्तीस आलेल्या तरुणानें पांच मिनिटांत फॉरमॅटचा निर्णय दिला. आम्हांस तो पटला नाहीं. दोष एखाद्या ड्रायव्हरमध्यें असेल, तर यंत्र बहुधा एकाच जागीं अडखळतें आणि एकच तक्रार करतें. साक्षीदार दर वेळीं निराळी हकीकत सांगूं लागला, म्हणजे हकीकतीची छाननी करण्यापूर्वीं त्याची स्मरणशक्ति तपासावी, हें कोणताहि वकील सांगेल.

पंख्यावरची धूळ काढली, डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल पाहिला, एसएमपीएस बदलून पाहिला. तेथें सर्व निर्दोष. मग 'मेमटेस्ट' नांवाचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून यंत्र त्यावरूनच सुरू केलें. हा प्रोग्रॅम विंडोजला जागेंच करीत नाहीं. त्यामुळें दोष कार्यप्रणालीचा कीं यंत्राच्या देहाचा, हा वाद पुष्कळसा तेथेंच मिटतो. मेमरीच्या प्रत्येक घरांत तो ठराविक आंकडे लिहितो आणि लिहिलें तेंच परत वाचतां येतें कीं नाहीं तें पाहतो. संध्याकाळीं परवचा म्हणवून घेत, त्यांतलाच हा प्रकार. रात्रभर परीक्षा चालूं ठेवली. सकाळीं पडदा तांबड्या ओळींनीं भरलेला! मग एकेक पट्टी एकटी लावून, जागांची अदलाबदल करून तीच परीक्षा पुन्हां घेतली. एक पट्टी दोन्ही खोबणींत नापास, दुसरी दोन्ही खोबणींत उत्तीर्ण. इतका निःसंदिग्ध निकाल परीक्षक या नात्यानें आम्हीं क्वचितच लावला असेल.

आतां मौज पाहा. या स्थितींत फॉरमॅट मारला असता, तर नवी कार्यप्रणालीहि याच मेमरींतून वाट काढीत डिस्कवर गेली असती, आणि जन्मतःच व्यंग घेऊन आली असती. त्याहून भयंकर गोष्ट ही कीं, मजकूर जपून ठेवण्यासाठीं घेतलेली प्रतहि त्याच वाटेनें जाते. एक बिट उलटण्यास फार मोठें कारण लागतें असेंहि नाहीं. १९७८ सालीं टिमोथी मे व मरे वुड्स या इंटेलमधील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, चिपच्या वेष्टनांत लेशमात्र असलेल्या युरेनियम-थोरियममधून निघणारे आल्फा कण मेमरींतील बिट उलटवितात. तो दोष क्षणिक, चिप शाबूत राहते. आमच्या पट्टीचा दोष कायमचा, एवढाच फरक. परंतु अक्षरांच्या दुनियेंत एका बिटाचें मोल काय, तें वाचकांनीं पाहावें. युनिकोड पद्धतींत 'द' आणि 'ध', तसेच 'त' आणि 'थ', यांचे क्रमांक लागोपाठचे असून त्यांत अंतर केवळ शेवटल्या बिटाचें आहे. तो उलटला कीं 'दूर'चा 'धूर' होतो, 'माता'चा 'माथा' होतो. फाईल उघडते, यंत्र तक्रार करीत नाहीं, शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅमहि मान डोलावतो. कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत! मुद्राराक्षसाच्या लीला आमच्या पिढीनें पुष्कळ पाहिल्या. परंतु तो निदान छापखान्यांत राही, कपाटांतल्या हस्तलिखितास हात लावीत नसे.

हस्तलिखिताचा उल्लेख केला तो उगाच नव्हे. १९९९ सालीं आमच्या गुरुवर्यांनीं आपल्या आठवणी सांगितल्या व आम्हीं त्या संगणकावर उतरून घेतल्या. त्यांची दृष्टि अधू झाली होती, वाणी मात्र तशीच खणखणीत. स्वल्पविराम कोठें द्यावा हेंहि ते सांगत, आणि दिला कीं नाहीं हें पुढल्या दिवशीं वाचून घेऊन खात्री करीत. पूर्वार्ध छापून निघाला. उत्तरार्ध निघण्यापूर्वींच ते गेले. त्या ११२ पृष्ठांची सीडीवर घेतलेली प्रत आतां कोणतेंहि यंत्र वाचीत नाहीं. राहिली ती या डिस्कवरची.

बरें, नुसती फाईल वांचवूनहि भागत नाहीं. त्या काळीं मराठी टंकलेखनाची रीत न्यारी होती. रोमन अक्षरांच्या बैठकीवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. तो विशिष्ट फॉन्ट यंत्रांत आहे तोंपर्यंत पडद्यावर मराठी दिसे. तो नाहींसा झाला कीं त्याच पृष्ठावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन केरकचरा. टंकनाचा तो प्रोग्रॅम केव्हांच निकालांत निघाला. फॉन्ट मात्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर असा आमच्यासवें प्रवास करीत आला. फॉरमॅटच्या एका फटक्यासरशीं तोहि गेला असता, आणि मोडी न येणाऱ्याच्या हातीं पेशवाईचें दफ्तर यावें, तशी आमची गत झाली असती.

देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा तर मूर्ति आधीं दुसरीकडे हलवितात. तेंच आम्हीं केलें. डिस्क बाहेर काढून एका निरोगी यंत्रास जोडली, मजकूर दोन निरनिराळ्या डिस्कांवर उतरविला, आणि प्रत्येक फाईलीचा एसएचए-२५६ या रीतीनें काढलेला ठसा मुळाशीं ताडून पाहिला. एक बिट बदलला तरी हा ठसा सर्वस्वी पालटतो. फॉन्टची फाईल अर्थातच सर्वांआधीं. आठवणींची पीडीएफहि करून ठेवली, म्हणजे फॉन्ट तींत गुंफला जाऊन अक्षरांचें रूप तरी कायम राहील. नवी कार्यप्रणाली कोणती, हा प्रश्न त्या मानानें सोपा. विंडोज १० चा सर्वसाधारण सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबला, आणि विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर आमच्या यंत्रापाशीं नाहीं, तेव्हां लिनक्स. लिनक्स आणि युनिकोड हीं दोन्हीं १९९१ सालीं जगापुढें आलीं. हीं समवयस्क भावंडें आमच्या घरीं सुखानें नांदतील अशी आशा आहे.

खरा वेळ जात आहे तो युनिकोडांत रूपांतर करण्यांत. जुन्या फॉन्टमध्यें ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमानें, म्हणजे व्यंजनाच्या आधीं, साठविलेली असते. युनिकोडांत ती उच्चाराप्रमाणें व्यंजनानंतर येते. रफाराचें नेमकें उलट. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण ही उलथापालथ त्यांना सर्वत्र साधत नाहीं. 'धर्म'चा 'धमर्' होतो, 'सर्व'चा 'सवर्' होतो, आणि कीर्तनकारांचें काय होतें तें न सांगितलेलें बरें. म्हणून पीडीएफ शेजारीं ठेवून ओळ न् ओळ वाचावी लागते. अकरा पृष्ठें झालीं. सातव्या पृष्ठावर, एका लांबलचक वाक्याच्या मध्यावर, प्रोग्रॅमनें स्वल्पविराम गाळला होता; तो आम्हीं परत बसविला. १०१ पृष्ठें राहिलीं आहेत. उन्हाळ्याच्या सुटींत तीं होतील. मग डिस्क पुसूं.