हळदीच्या मुलखांतून ग्रंथवाचनास

हिंगोलीस एका पुस्तकांच्या दुकानीं ग्रंथवाचन ठरलें होतें, म्हणून फाल्गुनांत आम्ही चौघे लेखक वसमतच्या वाटेनें निघालों. शिजविलेली हळद जागोजाग उन्हांत वाळत होती. वाटेंत औंढा नागनाथ; नामदेवांस विसोबा खेचरांचा उपदेश येथेंच झाला, असें परंपरा सांगते. नामदेवांचें जन्मस्थान मानिलें जाणारें नर्सीही हिंगोलीहून जवळच. त्या काळीं छापखाना नव्हता, दुकान नव्हतें. तरी त्यांची वाणी लोकांच्या मुखीं राहून पंजाबांत पोंचली, आणि १६०४ सालीं सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथांत त्यांचीं ६१ पदें आलीं.

आमच्या वाचनास श्रोते थोडेच जमले. तथापि वाचकहो, ग्रंथ किती खपले यापेक्षां एखादें वाक्य श्रोत्याच्या ओठीं बसलें काय, हाच आमच्या मतें लेखकाचा खरा हिशेब होय.