हळदीचा पुरावा

जखमेवर हळद दाबावी हें आमच्याकडे कोणी कोणास मुद्दाम शिकवीत नाहीं. विळीनें बोट कापलें कीं हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो. परंतु एखादी गोष्ट सर्वांस ठाऊक असणें आणि ती सिद्ध करतां येणें यांत केवढें अंतर आहे, हें आम्हांस कळावयास एका परक्या देशाची कचेरी कारण झाली.

इ. स. १९९५ च्या मार्चमध्यें अमेरिकेच्या पेटंट कचेरीनें मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्रास हळदीच्या पुडीनें जखम भरून आणण्याच्या रीतीचें पेटंट दिलें. अर्ज करणारे दोघेही संशोधक भारतीय वंशाचे होते. हिंदुस्थानांत लचक व सूज यांवर हळद फार दिवसांपासून वापरतात, असें त्यांच्या अर्जांतच लिहिलें होतें! दावा एवढाच कीं, जखमेवरील उपयोग नवा आहे.

त्या वेळीं आमच्याकडे संतापाची मोठी लाट उसळली. संताप स्वाभाविक होता. पण संताप हा पुरावा नव्हे. पेटंट मिळण्यास शोध नवा असावा लागतो आणि त्या विषयांतील जाणत्यास तो सहज सुचण्याजोगा नसावा लागतो. तसा तो नाहीं हें दाखवूं इच्छिणारानें पूर्वींचें ज्ञान पुढें मांडावें, हा न्याय आम्हांस वावगा वाटत नाहीं. वावगें होतें तें निराळेंच. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें एखादी रीत अमेरिकेंत लोकांच्या माहितींत वा वापरांत असली, तर तेवढ्यानेंच तिचें नावीन्य नाहींसें होई. परदेशांत ती कोट्यवधि घरांत चालत असली तरी तें जमेस धरीत नसत. परदेशासंबंधीं छापील लेख अथवा पेटंटच हवें. म्हणजे तिकडच्या म्हातारीचा अनुभव साक्षीस चाले, आमच्या म्हातारीचा चालत नसे.

डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळीं वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनें सभा भरविण्याऐवजीं कागद शोधले, आणि खरें शहाणपण येथेंच दिसलें. इ. स. १९९६ मध्यें तिनें फेरतपासणीची मागणी केली व ३२ संदर्भ पुढें ठेवले. त्यांत जुन्या संस्कृत ग्रंथांतील उतारे होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत १९५३ सालीं छापलेला एक लेखही होता. इ. स. १९९७ च्या ऑगस्टमध्यें त्या कचेरीनें पेटंटांतील दावे अमान्य केले. हजारों वर्षांच्या वहिवाटीस जें साधलें नसतें तें छापील पानांनीं साधलें.

पुढें इ. स. २००१ पासून आयुर्वेद, युनानी व सिद्ध या पद्धतींच्या ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत उतरवून पेटंट तपासनिसांच्या हातीं देण्याचें काम सरकारनें आरंभिलें. अमेरिकेनेंही इ. स. २०११ च्या कायद्यानें तो देशभेद काढून टाकला. २०१३ पासून जगांत कोठेंही झालेला जाहीर वापर विचारांत घेतात.

तरी एक बोच राहते. हळदीच्या बाजूनें ग्रंथ होते, ती भाग्यवान. आमच्या डोंगरांतील कातकरी वा ठाकर वैदू ज्या मुळ्या उगाळतो, त्यांविषयीं कोणत्या ग्रंथांत काय छापलें आहे? आमच्या पेटंट कायद्याच्या २५ व्या कलमांत स्थानिक समाजाचें मौखिक ज्ञानही हरकतीस आधार मानलें आहे, ही तरतूद आम्हांस फार मोलाची वाटते. परंतु तें मौखिक ज्ञान कचेरींत न्यावयाचें तर प्रतिज्ञालेखाच्या रूपानेंच न्यावें लागतें; कोणत्या सालापासून हा पाला वापरतां, असें विचारतात. सह्याद्रीच्या पायथ्याची वैदीण त्यावर काय सांगणार? आपल्या सासूनें दाखविला, एवढेंच.