मलमल, पंचा आणि ग्रीन डे

सैल! सैल, सैल आणि सैल. उन्हातल्या संगीत महोत्सवाला काय घालून जायचं याचं उत्तर एवढंच आहे, आणि ते कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. परवा तर भाजीवाल्यालाही सांगून झालं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःच्या अंगातल्या ढगळ सदऱ्याकडे बघून म्हणाला, ‘‘ताई, मग आम्ही काय घालतो?’’

तर झालं असं. मार्च २०२५ मध्ये, ८ आणि ९ तारखेला, मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘लोलापालूझा इंडिया’ होता. १९९१ मध्ये पेरी फॅरेल नावाच्या गायकानं अमेरिकेत सुरू केलेला हा महोत्सव २०२३ पासून आपल्याकडेही भरतो. आणि मी, पन्नाशी उलटलेली बाई, उघड्यावरचं संगीत म्हणजे डिसेंबरच्या थंडीत सवाई गंधर्व महोत्सवाला शाल पांघरून बसणं एवढंच जिला माहीत, ती भाचीबरोबर तिथे गेले. गाण्यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं. मला कपड्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाहीये.

आधी ऊन समजून घ्या. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच हवामान खात्यानं मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. फेब्रुवारीत! मार्चमध्ये जमिनीवरून, पूर्वेकडून वारा वाहायला लागला की समुद्रावरचा वारा उशिरा पोचतो आणि तोवर मुंबई भाजून निघते. रेसकोर्स म्हणजे घोडे धावताना लोकांना दिसावेत म्हणून मोकळं ठेवलेलं मैदान. मधोमध सावली कुठून असणार? दुपारी आत शिरायचं, रात्री बाहेर पडायचं, आणि मधला सगळा वेळ उभं राहायचं, चालायचं, नाचायचं. मी नाचले, हो.

माझी समजूत अशी होती की ऊन म्हटलं की कपडे कमी. भाची म्हणाली, ‘‘मावशी, कमी नको, सैल घाल.’’ आणि तिनं माझ्याच कपाटातून माझ्या वडिलांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, मलमलचा सदरा काढला. लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा, धुऊन धुऊन सायीइतका मऊ झालेला. खाली सुती पायजमा. आरशात मी साक्षात ग्रामपंचायतीची सदस्य दिसत होते.

पण दुपारी रेसकोर्सवर उभी राहिले आणि चकितच झाले! हाजी अलीच्या बाजूनं वाऱ्याची एक झुळूक आली, खालच्या घेरातून आत शिरली आणि गळ्यातून बाहेर पडली. अंगाला गार लागलं. भर उन्हात, दोन्ही हात मनगटापर्यंत झाकलेले असताना, गार! माझ्या शेजारी अंगाला घट्ट बसणारा बिनबाह्यांचा टॉप घातलेली एक मुलगी हातातल्या पुठ्ठ्यानं वारा घेत होती आणि मी मात्र वाळ्याचे पडदे लावलेलं चालतं-फिरतं घर झाले होते.

घरी येऊन यामागचं शास्त्र वाचलं आणि आणखीच वेडी झाले. घामानं गारवा येतो तो घाम वाळला तर. मुंबईच्या दमट हवेत तो मुळातच वाळायला तयार नसतो, त्यामुळे अंगाजवळची ओली हवा सतत बाहेर ढकलणारं काहीतरी लागतं. कापड चिकटलं की ती हवा अडकली. कापड लटकतं राहिलं, हलतं राहिलं, की तुमच्या चालण्यानंच भाता चालू होतो. १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक गंमतशीर शोधनिबंध आला होता: वाळवंटातले बेदुईन लोक काळे झगे का घालतात? संशोधकांनी एका माणसाला भर उन्हात आळीपाळीनं काळा झगा, पांढरा झगा, लष्करी गणवेश आणि अर्धी चड्डी अशा वेशांत उभं केलं आणि मोजमापं घेतली. काळं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापलं, हे खरंच. पण झगा इतका ढगळ की ती जास्तीची उष्णता आतल्या हवेबरोबर निघून गेली. कातडीपर्यंत पोचली ती दोन्ही झग्यांत सारखीच!

कापड कुठलं, हाही प्रश्न आहेच. पॉलिस्टर ओलावा धरतं जेमतेम अर्धा टक्का, सुती कापड आठेक टक्के, लिनन त्याहून जास्त. म्हणून पॉलिस्टरमध्ये घाम अंगावरच ओघळत राहतो. पण सुती म्हणून जीन्स घालाल तर फसाल. ते जाड कापड एकदा भिजलं की रात्रीपर्यंत ओलं. सुती हवं आणि पातळही हवं. त्यात एक मेख आहे. साधा पांढरा सुती टी-शर्ट सूर्याच्या अतिनील किरणांना फारसा अडवत नाही. त्याचा संरक्षणांक सातच्या आसपास, आणि घामानं भिजला की तीनवर येतो. गडद रंग जास्त अडवतो. म्हणजे सैल असेल तर गडद निळा, गडद लाल बिनधास्त घाला, आणि मलमलच्या आतूनही सनस्क्रीन लावा. (मलमल पारदर्शक असते, त्यामुळे आत सुती स्लिप हवी. हे भाचीनं वेळेवर सांगितलं, देव तिचं भलं करो.)

आता पंचा! अहो, पंचा! आंघोळीनंतर वडील कमरेला गुंडाळायचे तो पांढरा, पातळ पंचा भाचीनं पिशवीत कोंबला तेव्हा मी हसले होते. दुपारी तो पाण्यात भिजवून मानेवर टाकला. मग डोक्यावरून घेतला. धूळ उडायला लागली तेव्हा नाकातोंडावरून बांधला. चार वाजता पाय बोलायला लागले तेव्हा गवतावर अंथरून बसले. संध्याकाळपर्यंत वाळलाही होता. अमेरिकेत कोचेलाला, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या त्या महोत्सवाला जाणारी पोरं धुळीपासून वाचायला तोंडावर रुमाल बांधतात, तो रुमाल या पंच्याच्या पासंगालाही पुरत नाही. टाळ-मृदंगाच्या गजरात आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावर उपरणं असतं ते काय उगीच? तीही उघड्यावरची संगीताचीच जत्रा, आणि तिला आपल्या कुठल्याही महोत्सवापेक्षा जास्त अनुभव आहे.

म्हणजे तिथे सगळे सदरा-पायजम्यात होते असं मुळीच नाही. तोच तर दुसरा आनंद. मी आयुष्यात एका जागी इतके नटलेले लोक लग्नाबाहेर पाहिले नव्हते, आणि लग्नात जसे सगळे एकमेकांचे भाव काढत असतात तसं इथे कुणीच करत नव्हतं. झालरी लावलेली जाकिटं, क्रोशाचे टॉप, भर उन्हात गुडघ्यापर्यंतचे चामडी बूट (बिचारे पाय!), डोळ्यांखाली चमकी. एका मुलीनं खणाचा ब्लाउज जीन्सवर घातला होता आणि कपाळावर ठसठशीत चंद्रकोर. तिच्याकडे बघतच राहिले. महालक्ष्मी स्टेशनपर्यंत लोकलच्या बायकांच्या डब्यात या चमचमत्या मुली आणि शनिवारचं ऑफिस संपवून निघालेल्या बायका एकाच दांडीला लटकत होत्या, आणि एक मावशी एकीच्या गालावरची टिकली नीट चिकटवून देत होत्या. त्या दिवशी महिला दिन होता. यापेक्षा चांगला साजरा झालेला मी पाहिलेला नाही.

ग्रीन डे या बँडचे चाहते लांबूनच ओळखू यायचे: काळा शर्ट, लाल टाय. २००४ मधल्या त्यांच्या ‘अमेरिकन इडियट’ अल्बमच्या दिवसांतला तो वेश. मुंबईच्या मार्चमध्ये गळ्याला टाय! याला भक्ती म्हणतात. तिथे माझं मलमलचं शास्त्र चालत नाही आणि चालूही नये. आणि ८ तारखेच्या रात्री कॅनडाचा शॉन मेंडिस भारताची निळी क्रिकेट जर्सी घालून समोर आला, विराट कोहलीची! दुसऱ्या दिवशी दुबईत चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना होता. मैदानात जो आवाज उठला तो वानखेडेवर ऐकू गेला असेल. एका कपड्यानं एवढ्या मोठ्या गर्दीला एका क्षणात आपलंसं करता येतं. (करंडकही आपणच जिंकला.)

खिशांबद्दल बोललंच पाहिजे, कारण बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात हा माझा जुना राग आहे. सदऱ्याला बाजूंना दोन खोल खिसे. शिवाय वर वडिलांची बिनबाह्यांची बंडी, तिला आतून चोरखिसा. खाण्यापिण्याचे पैसे मनगटावरच्या पट्ट्यात भरलेले, त्यामुळे पाकीट काढायचं कामच नाही. फोन, घराची किल्ली आणि लोकलचा पास चोरखिशात. दोन्ही हात मोकळे. आजकालच्या शेकडो रुपयांच्या कमरपिशव्यांना मी आता नाक मुरडते.

पायांचं थोडक्यात सांगते. कोल्हापुरी माझा जीव की प्राण, पण गर्दीत कुणाचाही बूट तुमच्या अंगठ्यावर पडतो. पुढून बंद असलेले, वापरून रुळलेले बूट आणि सुती मोजे, बस.

आणि कान! तेही सजवायचे असतात. स्पंजचे छोटे बोळे कानात घातले की गाणं दबून जाईल असं मला वाटलं होतं, पण उलट शब्द जास्त स्वच्छ ऐकू आले, कारण नुसता गोंगाट खाली बसला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे आणि प्रेक्षकांना बोळे उपलब्ध करून द्यावेत असंही म्हटलं आहे. भाचीचे बोळे केशरी रंगाचे होते, सदऱ्याला शोभतील असे मी माझ्यासाठी पांढरे घेतले.

पावणेसातच्या सुमाराला सूर्य बुडाला, वारा वाढला, आणि माझा सदरा शिडासारखा फुगला. शेजारच्या पुठ्ठेवालीनं विचारलं, ‘‘आंटी, हे कुठून घेतलंत?’’ ‘‘वडिलांकडून,’’ म्हटलं. तिनं फोटो काढला. मी त्या फोटोत भलतीच रुबाबदार दिसते आहे, असं माझंच म्हणणं आहे.

तेव्हा, उन्हातल्या कुठल्याही महोत्सवाचं तिकीट काढलं असेल तर खरेदीला जाण्याआधी घरातली जुनी ट्रंक उघडा. सदरा मिळाला तर एकदा धुऊन, उन्हात वाळवून घ्या. पंचा नसेलच, तर कुठल्याही खादी भांडारात मागा. आणि नवे बूट घालून जाऊ नका.